सातबारा कुणाच्या नावावर?

25 सप्टेंबर 2024 ला डब्ल्यूपी इंजिन या अमेरिकन होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असलेल्या साइट्सना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळणारे अपडेट अचानक बंद झाले. वर्डप्रेस म्हणजे साइट बनवण्याचं आणि चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. साइटच्या मालकांनी काहीच केलं नव्हतं. भांडण त्यांच्या होस्टिंग कंपनीचं आणि वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मलनवेग याचं होतं. पण प्लगइनमध्ये, म्हणजे साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये, सुरक्षेची भोकं सापडतच असतात आणि अपडेट मिळाला नाही की साइट उघडी पडते, त्यामुळे मार बसला तो या मधल्या माणसांना. दोन दिवसांनी तात्पुरती सूट मिळाली, 1 ऑक्टोबरला दार परत बंद.

मी ज्या साइट्स सांभाळते त्या एवढ्या मोठ्या नाहीत. एक जुनं वाचनालय, एक-दोन दिवाळी अंक, तालुक्याच्या गावातलं एक इतिहास मंडळ, काही लेखकांचे ब्लॉग. सगळ्या स्वस्तातल्या होस्टिंगवर, सगळ्या वर्डप्रेसवर. आमच्या केसालाही धक्का लागला नाही. तरी त्या आठवड्यात मला कामात लक्ष लागेना. या सगळ्या मंडळींना मी कायम एकच गोष्ट सांगत आले आहे: हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही. हे आजही खरं आहे. मात्र त्या वाक्यात काय मावतं आणि काय बाहेर राहतं, हे या प्रकरणाने सगळ्या जगासमोर मांडलं. जगातल्या साधारण 43 टक्के वेबसाइट्स एका सॉफ्टवेअरवर चालत असतील, तर हा प्रश्न फक्त प्रोग्रामर लोकांचा राहत नाही.

वर्डप्रेसचा जन्मच मुळात कुणीतरी सोडून दिलेल्या कोडमधून झाला. 2003 च्या जानेवारीत ह्यूस्टनमधला एकोणीस वर्षांचा मलनवेग बी2 नावाचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर वापरत होता. ते लिहिणारा मिशेल वाल्द्रिगी काही महिने गायब होता आणि काम ठप्प झालं होतं. मलनवेगने लिहिलं की हा कोड जीपीएल लायसन्सखाली आहे, म्हणजे तो उचलून पुढे नेता येईल. इंग्लंडमधल्या माइक लिटलने त्यावर कळवलं की असं काही करणार असशील तर मी आहे. 27 मे 2003 ला पहिली आवृत्ती आली. दोघं एकमेकांना भेटलेलेही नव्हते. कुणाची परवानगी लागली नाही, पैसे लागले नाहीत. कोड उचलण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क लायसन्समध्येच लिहिलेला होता.

त्या काळात ब्लॉग लिहिणाऱ्यांत मूव्हेबल टाइप या सॉफ्टवेअरचा दबदबा होता. 2004 च्या मे महिन्यात त्याच्या कंपनीने, सिक्स अपार्टने, तिसऱ्या आवृत्तीबरोबर लायसन्सचे नियम आणि दर बदलले. लोक चिडले आणि मोठ्या संख्येने वर्डप्रेसकडे आले. याच कंपनीने 2003 मध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्याच वर्षी, टाइपपॅड नावाची ब्लॉगसेवा सुरू केली होती. तांत्रिक कटकट नको असलेल्यांनी तिथे पैसे भरून लिखाण केलं. पुढे तिचे मालक बदलले आणि 30 सप्टेंबर 2025 ला टाइपपॅड कायमचं बंद झालं. ज्यांनी वेळेत लिखाण बाहेर काढलं त्यांचं वाचलं. मुक्त सॉफ्टवेअरचा एवढा आग्रह कशासाठी, असं कुणी विचारलं की मी या दोन भावंडांसारख्या वयाच्या गोष्टी शेजारी ठेवते. बी2 चा कर्ता निघून गेला तरी बी2 चा वंश अजून चालू आहे. टाइपपॅड ग्राहकांनी भरलेल्या पैशांवर बावीस वर्षं चाललं आणि मालकाच्या एका निर्णयाने संपलं.

मराठी माणसाला हे सांगायला अमेरिकेतली उदाहरणं तरी का हवीत! ऑर्कुटवरच्या मराठी कम्युनिटींमध्ये काय काय लिहिलं गेलं होतं ते आठवा. पाककृतींपासून व्याकरणापर्यंत, आणि कवितांवरचे ते रात्र-रात्र चाललेले वाद. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं. याहू ग्रुप्सवरचं जुनं लिखाण 2019 च्या डिसेंबरात पुसायला घेतलं गेलं. आंतरजालावरच्या मराठीची पहिली पंधरा वर्षं ज्या जागांवर घडली त्यांतल्या कितीतरी आता नाहीत. आज तोच मजकूर फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर जातो, आणि त्यातलं दोन वर्षांपूर्वीचं काही शोधायला जा, सापडत नाही. म्हणून स्वतःच्या डोमेनवर, स्वतःच्या ताब्यातल्या डेटाबेसमध्ये लिहिणं ही मला चैन वाटत नाही. मराठीसाठी ती निकड आहे.

तर मग 2024 मध्ये नेमकं काय तुटलं?

मलनवेगची मूळ तक्रार मला पटते, हे आधी सांगते. डब्ल्यूपी इंजिनमध्ये 2018 पासून सिल्व्हर लेक या गुंतवणूकदार कंपनीचा पैसा आहे. धंदा सगळा वर्डप्रेसवर, आणि वर्डप्रेस घडवण्यात वाटा मात्र नगण्य, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांनी मिळून राखलेल्या गोष्टीतून भरपूर घ्यायचं आणि परत काही टाकायचं नाही, ही वृत्ती मुक्त सॉफ्टवेअरला आतून पोखरते. ते बोलायलाच हवं होतं. पण त्याने जे मागितलं ते ट्रेडमार्कपोटी, म्हणजे 'वर्डप्रेस' हे नाव वापरण्यापोटी, उत्पन्नाच्या आठ टक्के, आणि ते मिळेना तेव्हा जे वापरलं ते अपडेटचं दार. इथे माझी सहानुभूती संपली.

वर्डप्रेसच्या कोडवर जगातल्या हजारोंचा हात फिरला आहे आणि तो कुणाच्याही मालकीचा नाही, हे खरंच. पण 'वर्डप्रेस' हे नाव 2010 मध्ये वर्डप्रेस फाउंडेशनकडे गेलं आणि त्याच्या व्यापारी वापराचे हक्क मलनवेगच्या ऑटोमॅटिक कंपनीकडे राहिले. आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग, जिथून जगभरच्या साइट्स नवी आवृत्ती, साठेक हजार प्लगइन आणि हजारो थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारे साचे, घेतात, ती साइट ना फाउंडेशनची, ना कंपनीची. ती मलनवेगची वैयक्तिक आहे, हे त्याने स्वतःच सांगितलं. विहीर सगळ्या गावाने श्रमदानाने खणली, पाणी सगळं गाव भरतं, आणि वीस वर्षांनी कळतं की सातबारा एकाच माणसाच्या नावावर आहे. तोवर त्याने कुणाला अडवलं नव्हतं म्हणून कुणी उतारा काढून बघितला नव्हता.

12 ऑक्टोबरला झालं ते मला याहून जिव्हारी लागलं. ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे प्लगइन मी वाचनालयाच्या साइटवर वापरते. पुस्तकाच्या पानावर लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, दाखलअंक असे वेगवेगळे रकाने त्याच्यामुळे करता येतात. ग्रंथपालबाईंना कोड माहीत नाही, त्या नुसते रकाने भरतात आणि पान तयार होतं. वीस लाखांहून अधिक साइट्स हे प्लगइन वापरतात. एलियट काँडन नावाच्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने ते सुरू केलं आणि हस्तांतरं होत होत ते डब्ल्यूपी इंजिनकडे आलं. त्या दिवशी वर्डप्रेस डॉट ऑर्गने ही जागाच ताब्यात घेतली. तोच पत्ता, तेच परीक्षणांचे तारे, तेच लाखो वापरणारे. नाव मात्र सिक्युअर कस्टम फील्ड्स. ज्यांचे अपडेट आपोआप होतात त्यांच्या साइटवर दुसऱ्याच हातांनी तयार केलेला कोड येऊन बसला.

जीपीएलमध्ये कुणाच्याही कोडची वेगळी शाखा काढायला, म्हणजे फोर्क करायला पूर्ण मुभा आहे. वर्डप्रेस स्वतः फोर्कच आहे. पण फोर्क म्हणजे तुम्ही नव्या नावाने, नव्या जागी दुकान मांडता आणि लोक आपणहून तुमच्याकडे येतात किंवा येत नाहीत. इथे लोकांना विचारलंच नाही. आपोआप होणाऱ्या अपडेटवर माणूस डोळे मिटून विसंबतो, कारण तिकडे बसलेला माणूस आपल्या भल्याचं तेच पाठवेल अशी खात्री असते. सगळ्या यंत्रणेचा पाया तो विश्वास आहे. कायद्यात बसतं म्हणून तो वापरून टाकावा, हे मला अजून मान्य होत नाही.

बाकीचं थोडक्यात. डॉट ऑर्गवर लॉगिन करताना 'माझा डब्ल्यूपी इंजिनशी कसलाही संबंध नाही' अशी खूण करायला लावली गेली. ऑटोमॅटिकमध्ये, धोरण पटत नसेल त्यांनी पैसे घेऊन जावं, असा प्रस्ताव आला आणि 159 लोक गेले. कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने 10 डिसेंबरला अंतरिम आदेश दिला, दार उघडलं, प्लगइन परत मिळालं. खटला पुढे चालू राहिला. 2025 च्या जानेवारीत ऑटोमॅटिकने जाहीर केलं की वर्डप्रेसच्या मुख्य कामाला आम्ही आता आठवड्याला फक्त 45 तास देऊ, कारण समोरची कंपनीही तेवढेच देते. मे अखेरीस ऑटोमॅटिक परत कामाला लागली. एप्रिलमध्ये वर्डप्रेसची 6.8 ही आवृत्ती आली होती, पुढची 6.9 डिसेंबरात. मधले महिने काम किती मंदावलं ते रोज वापरणाऱ्यांना जाणवलं.

आता पर्यायांचं बोलू, कारण त्या आठवड्यापासून मला प्रत्येक संस्थेतून हाच प्रश्न येतो: दुसरं काय आहे?

मराठी वाचकांच्या सवयीतलं सर्वांत जुनं उत्तर म्हणजे द्रुपल, हेही साइट बनवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे, यांच्या कुठल्याही लेखाचा पत्ता नीट बघा. त्यात 'नोड' आणि पुढे एक आकडा दिसेल. ती द्रुपलची खूण. बेल्जियममधल्या ड्रीस बायटार्टने 2001 मध्ये ते खुलं केलं. अनेक माणसं लिहिणारी, प्रत्येकाला वेगळे अधिकार, लेखाखाली लांबच लांब प्रतिसादांची उतरंड, अशा कामाला द्रुपल तेव्हा वर्डप्रेसपेक्षा कितीतरी सरस होतं. मराठी संकेतस्थळांनी ते निवडलं ते योग्यच होतं.

पण 2015 च्या नोव्हेंबरात आलेली द्रुपलची आठवी आवृत्ती म्हणजे नुसती पुढची पायरी नव्हती. आतलं बांधकाम जवळपास सगळं नवीन होतं. सातव्या आवृत्तीसाठी लिहिलेले मॉड्यूल, म्हणजे द्रुपलची प्लगइन, आठव्यात चालत नव्हते, पुन्हा लिहावे लागत होते. मोठ्या विद्यापीठांना आणि सरकारांना हे परवडलं, कारण त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आणि बजेट असतं. नोकरी सांभाळून रात्री साइट बघणाऱ्या दोन-तीन जणांना ते जमणं कठीण. सातव्या आवृत्तीचा आधार काढून घ्यायची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली, ती याच कारणाने. शेवटी 5 जानेवारी 2025 ला तो थांबला. कोड मुक्त होता, नाव कुणी वापरून घेतलं नाही, कुणी कुणाशी भांडलं नाही. तरीही पुढे जाण्याचा खर्च छोट्या संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माणूस असाही मागे पडतो, आणि त्याची बातमी होत नाही. वर्डप्रेसने मागची वीस वर्षं जुन्या थीम आणि जुनी प्लगइन चालू राहतील याची जी काळजी घेतली, तिची किंमत इथे कळते. तिच्यामुळे कोड गबाळा राहिला, जुन्या गोष्टी ओढत न्याव्या लागल्या, प्रोग्रामर नाकं मुरडतात. पण इतिहास मंडळाच्या साइटवर बरीच वर्षं जुनी थीम अजून उभी आहे.

घोस्ट मला मनापासून आवडतं. जॉन ओ'नोलन स्वतः आधी वर्डप्रेसवर काम करायचा. त्याने हॅना वुल्फबरोबर 2013 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून घोस्ट सुरू केलं आणि ते ना-नफा संस्थेच्या हाती दिलं, म्हणजे ते विकताच येत नाही. वर्गणी घेऊन लिहिणाऱ्यांसाठी ते फार नेटकं आहे. सबस्टॅक ही अशीच लिखाणाची सेवा तुमच्या वर्गणीतून दहा टक्के कापतं, घोस्ट काही कापत नाही. लिहिण्याची खिडकीही स्वच्छ. पण स्वतःच्या सर्व्हरवर घोस्ट चालवायचं तर नोड जेएस लागतं, आणि आपल्याकडच्या संस्था जे सर्वांत स्वस्त शेअर्ड होस्टिंग घेतात त्यावर ते बहुधा बसत नाही. वर्डप्रेसला लागणारं पीएचपी आणि मायएसक्यूएल कुठेही मिळतं. तालुक्याच्या गावातला संगणकवाला पोरगाही वर्डप्रेस बसवू शकतो आणि बिघडलं तर बघू शकतो. सॉफ्टवेअर निवडताना मी हे सगळ्यात आधी विचारते: मी नसेन तेव्हा हे कोण दुरुस्त करेल?

ह्यूगो, जेकिल यांसारखी स्थिर पानं तयार करणारी साधनं टिकाऊपणात सगळ्यांच्या वरचढ आहेत. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडायला काही नाही. लेख म्हणजे साध्या मजकुराच्या फायली, पन्नास वर्षांनीही उघडतील अशा. ज्या साइटवर आता नवीन काही येत नाही, ती मी अशा पानांत रूपांतरित करून ठेवते. पण चालत्या अंकाचा संपादक रात्री अकराला फोन करतो की लेखिकेच्या नावातली वेलांटी चुकली आहे. वर्डप्रेसमध्ये तो स्वतः लॉगिन करून वेलांटी दुरुस्त करतो. ह्यूगोमध्ये त्याला माझी वाट बघावी लागते. लिहिणाऱ्याला स्वतःच्या मजकुरापर्यंत स्वतःच्या हाताने पोचता येणं हेही स्वातंत्र्यच आहे, आणि प्रोग्रामर मंडळी पर्याय सुचवताना ते नेहमी विसरतात.

विक्ससारख्या बंद सेवांबद्दल मी कमी बोलते. दिसायला सुरेख, सुरुवात झटपट. पण साइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि माझ्यापुरता विषय तिथे संपतो.

उचलून नेणं म्हणजे काय, हे जरा जवळून दाखवते, कारण 'डेटा तुमचाच आहे' हे सगळेच म्हणतात.

वर्डप्रेसमध्ये निर्यातीचं बटण आहे. दाबलं की सगळे लेख, पानं, प्रतिसाद, वर्गवारी एका एक्सएमएल फायलीत उतरतात. माणसाला वाटतं, झालं, साइट हातात आली. पण त्या फायलीत चित्रं नसतात, चित्रांचे नुसते पत्ते असतात. नव्या साइटवर फाईल चढवली की ती त्या पत्त्यांवर जाऊन चित्रं आणते. जुनं होस्टिंग तोपर्यंत बंद केलं असेल, तर दिवाळी अंकाची मुखपृष्ठं, लेखकांचे फोटो, व्यंगचित्रं, सगळ्यांच्या जागी रिकाम्या चौकटी. म्हणून 'अपलोड्स' हे फोल्डर आधी वेगळं उतरवून घ्यायचं.

दुसरी गोष्ट देवनागरीची. खूप जुन्या वर्डप्रेस साइट्सचे डेटाबेस लॅटिन अक्षरसंचात बांधलेले असत. मराठी मजकूर त्यात बसायचा, साइटवर नीट दिसायचाही, कारण चुकीचा घातलेला मजकूर तितकाच चुकीचा वाचला जायचा. बॅकअप घेऊन नव्या सर्व्हरवर चढवला की खरी गंमत संपते. सगळा लेख डोक्यावर रेघा असलेल्या लॅटिन अक्षरांनी आणि चलनचिन्हांनी भरलेला. ते परत आणता येतं. पण मध्ये कुठे देवनागरीची प्रश्नचिन्हं होऊन साठवली गेली असतील तर मजकूर गेला, तो कुठल्याही उपायाने येत नाही. एका बंद पडलेल्या अंकाचे दोन वर्षांचे लेख मी असे प्रश्नचिन्हांत बघितले आहेत. लेखिका वारलेली, तिच्याकडे हस्तलिखित नाही.

तिसरी अजून चालू आहे. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस त्याचा पत्ता बनवतं आणि त्या पत्त्याला डेटाबेसमध्ये 200 खुणांची जागा आहे. इंग्रजीत ती भरपूर होते. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना आणि हलन्तसुद्धा, पत्त्यात नऊ खुणा खातो. म्हणजे मराठीला बावीस वर्ण. 'महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळ' असं शीर्षक दिलं तर 'ग्रंथालय'पर्यंत बरोबर बावीस वर्ण होतात आणि 'चळवळ' बाहेर राहते. आत बसून कुणी मराठीचं वाईट चिंतलेलं नाही. ज्यांनी ती मर्यादा ठरवली त्यांच्यासमोर आपली लिपी नव्हती, एवढंच. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे बदलायचा रस्ता उघडा आहे. कुणीही तक्रार नोंदवू शकतं, दुरुस्ती लिहून पाठवू शकतं. बंद सेवेत मराठीच्या वापराचा आकडा कुणाच्या तरी तक्त्यात पुरेसा मोठा होईपर्यंत थांबावं लागतं.

आता पुढे काय होईल? मला वाटतं, भवितव्य नव्या सॉफ्टवेअरपेक्षा अपडेटच्या वाटा किती असतील यावर ठरेल. 2025 च्या जूनमध्ये बाझलमध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली फेअर नावाचा प्रकल्प जाहीर झाला. प्लगइन आणि थीम एकाच मध्यवर्ती ठिकाणाहून न येता अनेक स्वतंत्र भांडारांतून याव्यात, आणि कोड खरोखर त्याच लेखकाचा आहे हे तपासता यावं, अशी त्याची रचना आहे. हा विचार मला गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मात्र मोठ्या होस्टिंग कंपन्यांनी तो मनावर घेतल्याशिवाय सामान्य साइटपर्यंत पोचणार नाही, आणि भांडण थंडावलं की कंपन्यांना निकड वाटत नाही.

वर्डप्रेसचा पूर्ण फोर्क होऊन लोक तिकडे जातील, असं मला दिसत नाही. 2018 मध्ये वर्डप्रेसमध्ये ब्लॉक एडिटर, म्हणजे लेख ठोकळ्याठोकळ्यांनी रचायची नवी खिडकी, आला तेव्हा तो न पटलेल्यांनी क्लासिकप्रेस काढलं, ते अजून आहे आणि लहानच आहे. मोठा फोर्क यशस्वी झाल्याचं उदाहरण 2005 चं. मॅम्बो या सॉफ्टवेअरच्या मालक कंपनीशी बिनसलं आणि ते घडवणारी मुख्य मंडळी उठून गेली. त्यांनी जुमला काढलं, आणि मॅम्बो काही वर्षांत विस्मरणात गेलं. तिथे सगळे एकत्र उठले म्हणून ते झालं. वर्डप्रेसच्या भोवती इतक्या लोकांची पोटं आहेत की सगळे एकत्र उठणार नाहीत.

एआयने साइट बनवून घेण्याची सोय झाल्यापासून तरुण मंडळी मला विचारतात, हे सगळं लागतंच कशाला? सांगितलं की अर्ध्या तासात साइट तयार. तयार होते, मी पाहिल्या आहेत, चांगल्या दिसतात. पण प्रत्येक साइटचा आतला कोड वेगळा, तो समजणारी दुसरी माणसं नाहीत, आणि संस्थेत नवा कार्यवाह आला की त्याला शिकवायला काही नाही. वर्डप्रेस शिकलेला माणूस दुसऱ्या संस्थेत गेला तरी त्याच्या शिक्षणाचा उपयोग होतो. हा समाईकपणा जाईल याची मला जास्त भीती वाटते.

आणि या सगळ्यात पुण्याचा संबंध आपण समजतो त्याहून जवळचा आहे. दहा लाखांहून अधिक साइट्सवर चालणारी ॲस्ट्रा थीम पुण्यातल्या ब्रेनस्टॉर्म फोर्सची. आरटीकॅम्प ही वर्डप्रेसची नावाजलेली कंपनीही पुण्याचीच. वर्डकॅम्प एशियाचं 2026 चं यजमानपद मुंबईला मिळालं. कौशल्य आपल्याकडे भरपूर आहे. वर्डप्रेसवर कमावणाऱ्यांनी आपल्या बळाचा पाच टक्के भाग वर्डप्रेससाठी द्यावा, ही कल्पना 2014 पासून मांडली जाते. देवनागरी पत्त्यांची मर्यादा, मराठी भाषांतरातली राहिलेली वाक्यं, मराठी शोध नीट चालणं, ही कामं त्या पाच टक्क्यांत सहज बसतील. साहित्यसंस्थांनी आणि प्रकाशकांनीही यासाठी थोडे पैसे बाजूला काढावेत असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते. छपाईचा खर्च धरतात तसा देखभालीचा धरा, एवढंच म्हणणं.

या वर्षीच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी परवा सरळ विचारलं, नवी साइट कशावर करायची ते सांगा. मी वर्डप्रेस सांगितलं. अट अशी की प्लगइन अगदी मोजकी, आपोआप होणारे अपडेट फक्त मूळ वर्डप्रेसचे, प्लगइनचे मी बघून करणार. डोमेन संस्थेच्या नावावर, माझ्या नाही. अंक निघाला की महिन्याभरात सगळे लेख साध्या एचटीएमएल फायलींत आणि चित्रं मूळ आकारात, अशी एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर आणि एक संपादकांच्या घरी. होस्टिंगचा पासवर्ड माझ्याशिवाय आणखी दोघांकडे. ते म्हणाले, एवढं सगळं लेखी द्या, पुढच्या कार्यकारिणीला दाखवता येईल. या आठवड्यात तो कागद लिहून द्यायचा आहे.